निळ्या पाण्यातला थेंब

पिपरटोला, ता. मूल
९ जून

दिव्यानीले,

आईचा आशीर्वाद. राग बी सोबतच पाठवून राह्यली, दोन्ही घे.

फोन तू उचलत नाईस. शेजारचा विक्की म्हणे, काकू, तिनं तुमचा नंबर ब्लॉक केला असन. म्हटलं करू दे, मले लिहिता येते. सातवी शिकली मी, अन् त्या काळचं सातवीचं अक्षर आताच्या बारावीपेक्षा बरं राहे. पत्रूभाऊचा लोकेश एसटीत कंडक्टर झाला, भामरागडच्या गाडीवर हाय. त्याच्या हाती हे देऊन राह्यली, तो तुह्या आश्रमशाळेच्या फाटकावर देईन. वाच नाईतं चुलीत घाल, पण आधी वाच.

एक गोष्ट पहिलेच सांगून देते. मी माफी मांगाले लिहून नाई राह्यली. दोन वर्षांआधी तू कोर्टात लग्न केलं अन् आमाले ते गावातल्या लोकाइकडून समजलं. एकुलती एक पोट्टी, अन् मले पानठेल्यावरच्या माणसानं सांगावं? त्याचं मले वाईट वाटलं, आजबी वाटते. पोरगा माडिया आदिवासी हाय म्हून नाई. त्याच्यावरून तुह्या बाबाचं डोकं फिरलं, माहं नाई. माहं म्हणणं एवढंच का मायले तरी सांगाचं होतं.

असो. परवा सुरजचा फोन आला. “आई, मी सुरज” म्हणे. ज्याले मी कधी पाह्यलं नाई तो मले आई म्हणून राह्यला! भांडाचीच होती, पण त्याचा आवाज एवढा बारीक निघे का मी ऐकूनच घेतलं. म्हणे दिव्यानीले सहावा महिना हाय अन् रक्त सहावर आलं. डाक्टरनं सांगितलं का बाळंतपणात रक्त लागू शकते, दोन पिशव्यांची सोय आताच करून ठेवा. एक पिशवी त्यानं स्वतः देली. त्याच्या घरचे बाकीचे गेले त्याइले रक्त कमी म्हून परत पाठवलं. दुसरीसाठी तो माह्याजवळ रडून राह्यला होता. तुले न सांगता फोन केला त्यानं, त्याच्यावर ओरडू नको.

दुसरी पिशवी मी देईन. झालं. आता त्याची काळजी करू नको.

तुह्या बाबाले सांगितलं नाई. तुहं नाव निघालं का तो ताटावरून उठते, अन् मंग ते अन्न गाईले घालावं लागते.

बाकी पेरणीचं म्हणशीन तं विचारू नको. तू नववीत होती तवा शाळेतून शिकून आली होती, ते मिठाच्या पाण्यातलं बियाणं आमी अजून करतो. बादलीत मीठ घोळवाचं अन् अंडं सोडाचं. अंडं बुडलं तं मीठ कमी, तरंगलं का पाणी बरोबर. मंग त्यात धान टाकाचं, पोचट वर येते, भरलेलं खाली बसते. यंदा ताजं अंडं मी भाजीले वापरून टाकलं होतं. तं तुह्या बाबानं काय करावं? खुडूक कोंबडीखालचं अंडं उचललं! ते आतून किती दिवसाचं पोकळ झालेलं. मूठभर मिठातच टपकन वर आलं. धान टाकलं तं सगळंच्या सगळं बुडलं. हा गावाले बोलावून दाखवून राह्यला, पाहा माहं बियाणं, एक दाणा पोचट नाई! मी म्हटलं, अवो, दाणा चांगला नाई, पाणी पातळ हाय. तं म्हणे, तू मले शिकवू नको. आता पऱ्ह्यातलं रोप पाहाले ये, मधामधात उगवलंच नाई. न्हाव्यानं अर्धवट सोडलेल्या डोक्यावानी दिसते.

तब्येतीले जप.

तुही आई


२० जुलै

दिव्यानी,

तुहं उत्तर आलं नाई. येईन असं मले वाटलंबी नव्हतं, तरी लोकेशची गाडी आली का मी फाटकात उभी राहो.

धानाचा रोवणा चालू हाय. दिवसभर चिखलात वाकाचं अन् सांजच्याले सरळ होता येत नाई म्हून वाकूनच सयपाक कराचा. थकली मी. पण सांगाचं ते वेगळंच हाय.

मूलले रक्तदानाचं शिबिर होतं. खताची चौकशी करून येते असं घरी सांगितलं अन् गेली. नवं लुगडं नेसली होती, लग्नाले चालल्यावानी. तिथी प्रिया नावाची पोट्टी होती, तुह्याच वयाची. तिनं बोटाले सुई टोचली अन् रक्ताचा थेंब काचेच्या नळीतल्या निळ्या पाण्यात सोडला. मी विचारलं हे काय व्हय. मोरचुदाचं पाणी म्हणे. आपण धानाच्या बांधीत फवारतो तेच मोरचूद. रक्त चांगलं भरलेलं असन तं थेंब त्याच्यात बुडते, पातळ असन तं वर येते.

माहा थेंब वर आला. आधी जरासा खाली गेला, मले वाटलं चालला, अन् मंग आरामात वर येऊन बसला. माह्या पुढच्या कालेजच्या पोट्ट्याचा गोट्यावानी खाली गेला होता.

मी तं भांडलीच. म्हटलं, तुहं पाणीच चुकलं असन, आमच्या घरीबी अंड्यापायी पाणी चुकलं होतं. लाइनीतले लोक हासाले लागले. ती पोट्टी मात्र हासली नाई. तिनं माह्यासमोर आपल्याच बोटाले सुई टोचली अन् थेंब सोडला. सरळ तळाशी. मंग मशीनवर माहं पाह्यलं, नऊ निघालं. म्हणे, बाई, देणाऱ्याचं साडेबारा पाह्यजे. तुमाले चक्कर येत नाई का? दम लागत नाई का? मी म्हटलं, थकवा कोणाले येत नाई बाई, काम केलं का येतेच. ती म्हणे, हा थकवा कामाचा नाई, रक्ताचा हाय.

दिव्यानी, मी तिथंच बाकड्यावर बसली. तुही आजी मले अंगचोर म्हणे. तुहा बाबा म्हणे, बाकीच्या बाया दुपारी बसत नाई, तुलेच काऊन बसावं लागते? मलेबी वाटे मी आळशीच असन. जवान होती तवापासून मी सोताले शिव्या देऊन देऊन उठवत आली. अन् आज एक पोट्टी सांगते का हे रक्तच हलकं हाय! राग आला मले. कोणाचा आला ते सांगता येत नाई, पण बहुत आला.

वापस येताना गाडीत तुही नववीतली बादली आठवली. तू घरातली एकबी वस्तू सोडली नाईस, सगळ्या पाण्यात टाकून पाह्यल्या. आलू बुडे, कांदा तरंगे. सागाची ढलपी वर, ओल्या खैराची खाली. सुई बुडली अन् एवढा मोठा कोहळा तरंगला तवा मी म्हटलं, हे उलटंच व्हय, जड ते बुडाले पाह्यजे. तू म्हणे, आई, जड अन् हलकं असं नाई पाहाचं, तेवढ्याच जागेत किती भरलं हाय ते पाहाचं. मले पटे ना. मंग तू एकाच वाटीनं आधी तेल अन् मंग पाणी मोजून किराण्याच्या काट्यावर ठेवून दाखवलं. वाटी तीच, पण पाण्याची बाजू खाली. तवा समजलं. तुह्या बाबानं तेल सांडलं म्हून तुले मारलं होतं, अन् मंग रात्रभर सोताच रुसून बसला होता.

पिशवीचं म्हणशीन तं मी नाई देऊ शकली. पण अजून वेळ हाय. मी आता माहा थेंब बुडवाच्या मागं लागली, पाह्यजो तू.

आई


११ ऑगस्ट

अवो पोट्टे, तुले अक्कल हाय का?

लोकेशनं पाकीट देलं. वर तुहं अक्षर पाहून मी उभ्या उभ्याच फोडलं. आत चिठ्ठी नाई, एक ओळ नाई, नुसत्या लाल गोळ्याच्या पट्ट्या. मले वाटलं, चला, पोट्टीनं पत्र तं वाचलं. एवढी खुशी झाली का इतवारीबाईले दाखवाले घेऊन गेली. ती आपली आशाताई, तिले गोळ्या बरोबर समजते. तिनं पट्टी उलटीपालटी करून पाह्यली अन् म्हणे, वच्छलाबाई, ह्या तं गरोदर बाईले देते त्याच व्हय.

म्हंजे तुह्या वाट्याच्या! सहा रक्त घेऊन बसली हायस अन् आपल्या गोळ्या मले पाठवते? शाळेत पोराइले काय शिकवतेस तू? सगळ्या परत पाठवून राह्यली. मी एकबी खाल्ली नाई. चहावर घेऊ नको, लिंबाच्या पाण्यावर घे. अन् रोज घे. इतवारीबाईनं मले माह्या वेगळ्या देल्या.

पण तू पाठवल्या म्हून मी रडलीबी. ते पुसलं नाई, कागदावर दिसन.

आता इथला तमाशा आईक. प्रियानं सांगितलं होतं का नुसत्या गोळ्यानं होत नाई, जेवाले पाह्यजे. तरोट्याची भाजी, अंडं, गूळ, जवसाची चटणी. आता ह्या घरात अंडं कोणाच्या ताटात जाते ते तुले मालूमच हाय. मी लग्न होऊन आली तवा सासूनं सांगितलं, माणसं जेवून उठली का बाईनं बसाचं, गंज-भांड्यात जे राहीन ते तिचं. गंजात काय राहते? भाताची खरपुडी अन् भाजीचं पाणी. मी त्याचा कधी विचारच नाई केला. सगळ्याच बाया तशाच जेवे.

तं सोमवारी मी अंडं उकडलं, भाकर घेतली, भाजी घेतली अन् त्याच्याआधी जेवाले बसली. तुहा बाबा वावरातून आला, हातपाय धुतले, पाटावर बसला अन् पाहत राह्यला. म्हणे, माहं? म्हटलं, माहं झालं का वाढते. म्हणे, तब्येत बरी हाय ना? म्हटलं, तेच बरी करून राह्यली. बिचारा रिकाम्या ताटासमोर बसून होता. दुसऱ्या दिवशी मुद्दाम उशिरा आला, का मी उठली असन म्हून. मी थांबून होती, तो आल्यावरच बसली. मलेबी आता चव लागली होती.

शेजारणी म्हणते, वच्छलाले म्हातारपणी काय झालं. त्याइले म्हणू दे.

शाळेले सुट्टी टाक आता. मोठं पोट घेऊन उभी राहून शिकवू नको.

आई


२७ ऑगस्ट

दिव्यानी,

हे पत्र कधी भेटन मालूम नाई. नाल्याइले पूर आला, लोकेशची गाडी आलापल्लीवरूनच वापस फिरून राह्यली. तरी लिहून ठेवते. अक्षर वाकडं दिसन, पेन खराब हाय.

सुरजचा फोन मधातच कटला, पण तुहं साडेसात झालं एवढं ऐकू आलं. चांगलं हाय. पण पिशवी पाह्यजेच म्हणे, त्याच्याशिवाय डाक्टर निश्चिंत नाई.

पाऊस थांबतच नाई. मले भेव वाटून राह्यलं. नदी भरली अन् रस्ता बंद झाला अन् त्याच वेळेस तुह्या पोटात दुखाले लागलं तं? सुरजनं तुले आताच दवाखान्याजवळ आणून ठेवलं पाह्यजे. त्याच्या मावशीचं घर अहेरीले हाय म्हणे, तिथी राहाले जा. मी सांगितलं म्हून जावं वाटत नसन, तं सुरजनं सांगितलं म्हून जा.

गणपतीत गावच्या मंडळाचं शिबिर हाय. त्याच प्रियाची गाडी येऊन राह्यली. तवा मी देईनच. मी रोज खाते, रोज गोळी घेते. त्याच्यानं पोट बिघडते, तोंडाची चव जाते, तरी घेते.

आई


१४ सप्टेंबर

दिव्यानी,

तू अहेरीले आली हे सुरजनं सांगितलं, तवा एका रातीची झोप लागली. आता जे लिहून राह्यली ते नीट वाच. बसून वाच.

मागच्या वेळेस पेन खराब म्हटलं ते खोटं होतं. मी बांधीत पडली होती. डोळ्यासमोर अंधारी आली अन् चिखलात तोंडावरच पडली. बाजूच्या बांधीतल्या बायाइनं उचललं. मनगट मुरगळलं, बाकी काई नाई. पण तवापासून तुहा बाबा मले एकटीले कुठी जाऊ देत नाई. विहिरीवर जा तं मागं, शेण टाकाले जा तं मागं. बोलत नाई, नुसता मागं मागं.

म्हून आज शिबिरालेबी तो सोबतच आला. त्याले वाटलं मी दवाखान्याच्या गाडीत तपासाले चालली. मीबी सांगितलं नाई. मंडपात गणपतीसमोरच खुर्च्या मांडल्या होत्या, अर्धं गाव जमा होतं. प्रियानं मले ओळखलं. म्हणे, बाई, चेहरा चांगला दिसून राह्यला. सुई टोचली, थेंब सोडला.

थेंब खाली गेला. मधात थांबला. मी हात जोडले, गणपतीकडे पाह्यलंबी नाई, त्या नळीकडेच पाहत होती. थांबून राह्यला, थांबून राह्यला, अन् हळूहळू वर आला.

मशीनवर अकरा निघालं. प्रिया म्हणे, नवाचं अकरा झालं, बहुत चांगलं केलं बाई तुमी. असंच चालू ठेवा, दोन-तीन महिन्यांनी या. अन् माह्या तोंडातून जोरात निघालं, “दोन महिन्यांनी येऊन काय करू वो? माही पोट्टी ह्या आठवड्यात बाळंत होऊन राह्यली! तिच्यासाठी पिशवी पाह्यजे, मले सोभेसाठी नाई द्याची!”

सगळे माह्याकडे पाहाले लागले. मंग ध्यानात आलं का तुहा बाबा मागं उभा हाय.

त्यानं एवढंच विचारलं, “दिव्यानी?” दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून तुहं नाव ऐकलं मी. म्हटलं, व्हय. सहावर आलं होतं तिचं रक्त. त्यानं चपला काढल्या, सदऱ्याची बाही वर केली अन् माह्या खुर्चीवरून मले उठवून सोता बसला.

त्याचा थेंब पाण्यात पडला अन् दिसलाबी नाई, सरळ तळाशी. मले बरं वाटलं, अन् तेवढाच संताप आला. बुडंनच ना बाबा! तीस वर्षं अंडी कोणी खाल्ली? पण त्या वेळेस मी तोंड बंद ठेवलं.

त्यानं पिशवी देली. पलंगावर पडल्या पडल्या लाल नळीकडे पाहत होता. उठला तं प्रियाले म्हणे, ह्याच्यावर तिचं नाव लिहा, दिव्यानी नानाजी लिहा, अन् बर्फात ठेवून द्या, मी घेऊन जातो. प्रिया म्हणे, काका, असं नाई राहत. हे रक्त पेढीत जाते, ज्याले लागन त्याले भेटते. तुमाले कार्ड देते, ते दाखवलं का तुमच्या पेशंटले तिच्या गटाचं दुसरं रक्त भेटते.

बस. जो भडकला! “म्हंजे माहं रक्त भलत्याले जाईन? अन् माह्या पोरीले कोण्या भलत्याचं?” प्रिया समजावे, काका, सगळं तपासूनच देतो, त्याच्यात काई वाईट नाई. हा ऐकाच्या तयारीत नाई. “वाईट-चांगल्याचं नाई म्हणत मी! मी बाप हाय तिचा, तिले माहंच द्या. पुन्हा काढा पाह्यजे तं, पण माहंच द्या तिले.” सगळ्या गावासमोर, दिव्यानी. ज्या लोकाइपायी त्यानं तुहं नाव टाकलं होतं ते सगळे तिथंच उभे होते. पत्रूभाऊ त्याले धरून बाहेर घेऊन गेला. मी गेली तं मंडपाच्या मागं दोरीले धरून उभा होता अन् लेकरावानी रडून राह्यला होता. प्रियानं देलेलं केळं तसंच हातात.

कार्ड त्याच्या खिशात हाय. म्हटलं लोकेशच्या हाती देऊ, तं म्हणे कागद हरवला तं? उद्याच्या गाडीनं तो सोताच येऊन राह्यला. मलेबी यावं वाटते, जीव तुटते, पण एवढा धक्क्याचा रस्ता माह्यानं होणार नाई, अकरा असलं तरी अजून उभं राह्यलं का डोकं फिरते. मनगटबी सुजून हाय. बाळ झाल्यावर येईन, तवा मले कोणी थांबवू नये.

हे पत्र लोकेशजवळच देऊन राह्यली. गाडी तीच हाय, पण पत्र तुह्याजवळ आधी पोचन. तुहा बाबा गाडीतून उतरला का पहिले चहाच्या टपरीवर बसन, हिंमत येऊ दे म्हून. त्याले मी ओळखते. मंग मावशीच्या फाटकावर येईन, जो कोणी दिसन त्याच्या हातात कार्ड देईन अन् वापसची गाडी पकडाले निघन. घरात येणार नाई. त्याले वाटते त्याले घरात यायचा हक्क राह्यला नाई, अन् हे तो मेला तरी सांगणार नाई.

त्याच्यानं तुले लागलं असन, ते तुहं तू ठेव. मी सोड म्हणत नाई. मीच काई सगळं सोडलं नाई अजून. पण त्याले तसाच जाऊ देऊ नको. चालवत नसन तं सुरजले पाठव. सुरजले लाज वाटत असन तं खाटेवरूनच आवाज दे, खिडकी उघडी ठेव.

दोन वर्षं झाले, त्याले कोणी बाबा म्हून हाक मारली नाई.

तुही आई,
वच्छला